कर्नलबाईंची हजेरी

कर्नलबाई व्हिडिओ कॉलवर यायच्या त्या हातात काहीतरी घेऊनच. कधी निवडायची मेथी, कधी उसवलेला ब्लाउज, एकदा तर खवले काढायचा बोईट मासा. समोर स्क्रीनवर एखादा निवृत्त हवालदार ताठ बसलेला, गुळगुळीत दाढी केलेला, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. आणि इकडे आमच्या बाई ओट्याशी, डोक्याला तेल थापलेलं, अंगात विरलेला गाऊन आणि गाऊनवर लष्करी हिरवा स्वेटर. करावे गावात, खाडीकाठच्या घामट उन्हाळ्यात, स्वेटर! "पंख्याचा वारा बाधतो," म्हणायच्या. पंखा मात्र फुल स्पीडवर.

मी तेव्हा समुपदेशनाची पदवी नुकतीच घेऊन नेरूळच्या एका ट्रस्टमध्ये लागलो होतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांना नैराश्य आलं तर त्यांच्यावर घरबसल्या, फोनच्या पडद्यावरून उपचार करायचे, हे आमचं काम. औषधं द्यायला एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर होते. कारभार बघायला प्रकल्पप्रमुख होते, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. आणि पेशंटशी बोलायला बाई. पेशंटची परवानगी घेऊन मी बाईंच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या कडेला बसायचो आणि शिकायचो.

बाई मूळच्या करावेच्याच. गावातल्या पोरींची शाळा चौथीत सुटायची त्या काळात ही बाई लष्करी नर्सिंगला गेली, मिलिटरी हॉस्पिटलांच्या मानसिक वॉर्डांत जन्म काढला, लेफ्टनंट कर्नल होऊन परत आली, आणि वर म्हातारपणी मानसशास्त्र शिकून पुन्हा कामाला लागली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोस्टिंग आली नाही."

माझी मुलाखतही फोनवरच झाली होती. इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन मी सज्ज होतो. बाई म्हणाल्या, "घर दाखव." मी हॉल दाखवला. "पुढे." किचन दाखवलं; आई भांडी घासत होती, ती पदर सावरत माझ्यावरच खेकसली. "आता तुझी खोली." खोलीतले सगळे कपडे मी सकाळीच पलंगाखाली लोटले होते. बाई म्हणाल्या, "खाली वाक." माझा नाइलाज झाला. कपड्यांचा ढीग, त्यात खुपसलेली बॅट आणि चिवड्याची रिकामी पाकिटं बघून बाई खूश झाल्या. "माणूस आहेस. उद्यापासून ये," म्हणाल्या. फाइल तशीच मांडीवर राहिली.

नैराश्याच्या पेशंटला "कसं वाटतंय?" विचारायला बाईंची सक्त मनाई होती. मी एकदा विचारलं, तर त्यांनी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. त्याला कसं वाटतंय ते त्याला पुरतं ठाऊक असतं, तेच उगाळून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. काय केलंत, ते विचारायचं. एकेक छोटं काम ठरवून द्यायचं. चहा आपल्या हाताने टाकायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, जुन्या दोस्ताला फोन लावायचा. इच्छा होवो न होवो, करायचं. आणि पुढच्या वेळी बघायचं की मनाला काही फरक पडला का. पुस्तकात या पद्धतीला भारदस्त नाव आहे. बाई तिला धक्का स्टार्ट म्हणायच्या. "बॅटरी उतरली की गाडीशी गप्पा मारत बसतोस का?"

सरांचं मत होतं की नवी मुंबईतले पेशंट तरी ऑफिसात बोलवावेत, बरं दिसतं. बाई उखडल्या. "जो माणूस उठून, आंघोळ करून, पँट चढवून, दोन रिक्षा बदलून नेरूळला येतो, तो अर्धा बरा आहे सर. मला तो पाहिजे जो उठतच नाही." शिवाय 'डोक्याच्या डॉक्टर'ची पायरी चढताना गल्लीतल्या कुणी बघितलं तर, ही धास्ती असतेच. जन्मभर छाती काढून चाललेल्या माणसाला ती जास्त. फोन काय, दार लावलं की झालं.

सर आणि बाई यांचं रोजच काही ना काही वाजायचं. बाईंच्या मागे कोरी भिंत असावी, ओटा दिसू नये, म्हणून सरांनी एक निळा पडदा पाठवला. बाईंनी त्याचं मच्छरदाणीला खालून अस्तर लावलं. पण खरं भांडण पेटलं ते हुद्द्यावरून. पेशंटला कॉलचा मेसेज जायचा त्यात बाईंच्या नावामागे सरांनी 'निवृत्त लेफ्टनंट कर्नल' असं घातलं. पेशंटला विश्वास वाटतो, असं त्यांचं म्हणणं. बाई ऑफिसात येऊन इतक्या तापल्या की त्यांची करावेची बोली बाहेर पडली.

"अवो, तुमाना कलतंय का? अफसर हाय म्हनून कललं का त्यो जवान खरा बोलनारच नाय! माना सलाम नको, माना मानूस पायजे!"

सर म्हणाले, "शांत व्हा मॅडम, पाणी घ्या." हुद्दा तसाच राहिला. तो राहिला म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

घणसोली गावात, एका तीन मजली चाळवजा इमारतीत भाड्याच्या दोन खोल्यांत एक निवृत्त सुभेदार राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून आले, ती नोकरीही वयापायी गेली, आणि माणूस हळूहळू विझत गेला. जेवण नाही, बोलणं नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. मुलगी सासरी, घरात नवरा-बायको दोघंच. त्यांच्या बायकोनेच, म्हणजे काकूंनी, कुणाकडून तरी नंबर मिळवून आम्हाला फोन केला होता. औषधं सुरू झाली आणि दर आठवड्याला बाईंचा कॉलही.

कॉलवर सुभेदार म्हणजे परेडच. खुर्ची भिंतीला समांतर, मागे घट्ट ताणलेली चादर, केस चापून बसवलेले. "घर दाखवा" म्हटलं तर एकच कोपरा दाखवायचे आणि तो असा लख्ख की आमच्या ऑफिसला लाज वाटावी. बाई विचारायच्या, "चहा स्वतः केलात?" "जी मॅडम, झालं." "चाललात?" "जी मॅडम, झालं." "आणखी काही?" "सब ठीक मॅडम." बाई कॉल संपला की चिडचिड करायच्या. "सब ठीक, सब ठीक! बरॅकची पाहणी चाललीय का इथे?" म्हणून त्यांनी सांगितलं की रोज चालताना एक छोटा व्हिडिओ काढून पाठवा.

दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ यायला लागले. फोन अगदी खाली धरलेला, चौकटीत नुसते पॉलिश केलेले काळे बूट घणसोलीच्या गल्लीतून चाललेत. चिकनच्या दुकानावरून, लोंबत्या वायरींखालून, मोबाइल रिपेअरवाल्याच्या पाटीला वळसा घालून. एकही दिवस खाडा नाही. सर बेहद्द खूश. त्यांच्या हिशेबी पेशंट सुधारला होता. पुढच्या आठवड्याचा कॉल शेवटचा, मग केस बंद, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

त्या दिवशी मी करावेला बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बाई खोबरं किसत होत्या आणि मी त्यांना ताजा व्हिडिओ दाखवत होतो. मी एरवी आवाज बंद ठेवूनच बघायचो, नुसते बूट बघायला आवाज कशाला? बाई म्हणाल्या, "आवाज सोड." बूट टपटप चालले होते. टाच दर पावलाला बुटातून सुटत होती. भाजीच्या गाडीपाशी बूट पोचले आणि स्वच्छ आवाज आला, "ओ वहिनी, मेथी घेऊन जा ना, ताजी आहे!"

बाईंचा किसणीवरचा हात थांबला. "काय रे, सुभेदाराला भाजीवाला वहिनी म्हणतो?"

आणि मग त्या अशा हसल्या की मांडीवरचं खोबरं सांडलं. नवऱ्याचे बूट घालून काकू चालत होत्या! मलाही हसू आवरेना. बाईंनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे काकूंना कॉल लावला. काकू पडद्यावर आल्या त्या घाबरूनच. बाईंनी सरळच विचारलं, तशा त्या रडकुंडीला आल्या.

"काय करू मॅडम? ते अंथरुणातनं उठंनात. म्हनले, मॅडमला सांग झालं म्हनून. अफसरला 'न्हाई झालं' म्हनायचं त्यांच्या उभ्या जल्मात झालं न्हाई बघा. मग मला खोटं सांगवंना. म्हटलं, त्यांचे बूट तरी चालून येऊ देत."

"चहा?"

"म्याच करती."

"आणि मागची ती चादर?"

"ती बी म्याच ओढती. तुमचा फोन यायच्या टायमाला तेवढं त्यांना उठवून दाढी करून बसवती. मग परत निजत्यात."

बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "ताई, तुम्ही चालत राहा, तुमच्या तोंडावर तेज आलंय. पण आपल्या चपला घालून चाला, पाय मोडेल." काकू ओल्या डोळ्यांनी हसल्या. मला वाटलं, संपलं प्रकरण, आता नवी योजना. तेवढ्यात काकू बोलता बोलता म्हणाल्या, "काल तर पदकांची पेटी आन मनगटावरचं घड्याळ बी गावाकडच्या पुतन्याला देऊन टाकलं. म्हनले, मला आता काय करायचंय त्याचं."

बाईंचं हसू पुसल्यासारखं गेलं. त्यांनी किसणी बाजूला सारली, स्वेटरला हात पुसले. माणूस आपल्या जिवाच्या वस्तू अशा वाटून टाकायला लागला की त्याचा अर्थ काय असू शकतो, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे हा माणूस सुधारला होता. आठवड्याने आम्ही त्याचा हात सोडून देणार होतो.

"ताई, फोन घेऊन आत जा," बाई म्हणाल्या. "त्यांना आवरायला वेळ देऊ नका. आहेत तसे दाखवा."

पडदा हलला, दाराची चौकट गेली, आणि सुभेदार दिसले. बनियनवर, दाढी वाढलेली, भिंतीकडे तोंड. काकूंनी "मॅडम हाईत" म्हटल्यावर ते धडपडत उठले आणि शर्ट शोधायला लागले. इतका उंचापुरा माणूस, पण मला त्या क्षणी फार बारका वाटला.

"बसा साहेब," बाई म्हणाल्या. "मीही गाऊनवर आहे."

सैन्यात सुभेदाराचं एक वेगळंच स्थान असतं. नवा कोवळा अफसर येतो त्याला सगळं शिकवतो तो सुभेदार. बूट कुठे ठेवायचे, जवानाशी कसं बोलायचं, चूक झाली तर काय करायचं, सगळं. हुद्द्याने खालचा, पण अफसरला मान खाली घालून त्याचं ऐकावं लागतं. बाईंनी तेवढा एकच धागा पकडला. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी तुमचा रिपोर्ट घेतला. आज माझी हजेरी तुम्ही घ्या."

सुभेदारांना काही कळेना. बाईंनी फोन फिरवला आणि आपलं घर दाखवायला सुरुवात केली. भिजत घातलेल्या कपड्यांची बादली. सिंकमधली कालची भांडी. उघडा पडलेला तांदळाचा डबा. सांडलेलं खोबरं. मला वाटत होतं, त्या काहीतरी नाटक करताहेत. पण घर खरंच तसं होतं, मी सकाळपासून बघत होतो.

"कपडे कधी भिजवलेत मॅडम?" पलीकडून आवाज आला. खरखरीत, पण आवाज.

"परवा."

"वास मारत्याल."

"मारतायत, साहेब. धुवायचे ठरले होते. नाही झालं. सकाळी खाडीपर्यंत चालायला जायचं होतं. नाही झालं. धाकट्या भावाशी भांडण झालंय, त्याला फोन करायचा होता. तेही नाही झालं. कारण काही नाही. पडून होते. उठवलंच नाही."

कर्नलबाई हे सगळं साध्या आवाजात, वाण्याला सामान सांगावं तसं सांगत होत्या. मग एका हाताने सांडलेलं खोबरं गोळा करायला लागल्या. मी काहीतरी बोलणार होतो, तर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

"मॅडम," शेवटी सुभेदार म्हणाले. "माझं बी न्हाई झालं."

"काय नाही झालं?"

"कायच न्हाई. पयल्यापासनं."

"बरं," बाई म्हणाल्या. जणू त्यांनी दुधाचा भाव सांगितला होता. "आता आणखी एक विचारते, तेही असंच खरं सांगा. मरून जावंसं वाटतं?"

सुभेदारांनी मान खाली घातली. "वाटतं."

काकू मटकन पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या. फोन आडवा झाला, आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं, छतावरचा पंखा, आणि काकूंचं रडणं ऐकू यायला लागलं. मग एक जाड, पुरुषी हुंदका. बाईंनी त्या दोघांना भरपूर रडू दिलं. कॉल मात्र क्षणभरही बंद केला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "गाडी काढ. घणसोली." मी बाइकला किक मारली तेव्हा आतून त्यांचा आवाज येत होता, "ताई, घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या. माझा माणूस येतोय. तो येईपर्यंत मी इथेच आहे."

मी पोचलो तेव्हा सुभेदार चहा पीत होते आणि फोनवर बाई त्यांना कोथिंबिरीच्या भावावर भाषण देत होत्या. संध्याकाळी डॉक्टर कॉलवर आले, औषधं बदलली. मुलीला सासरहून बोलावून घेतलं, ती थोडे दिवस राहिली. मन पुन्हा त्या वाटेला गेलं तर आधी काकूंना, मग बाईंना, आणि बाई नसतील तर मला सांगायचं, हे सुभेदारांकडून तीनतीनदा वदवून घेतलं.

आणि त्या दिवसापासून रोज सकाळी उलटी हजेरी सुरू झाली. सुभेदार फोन लावायचे आणि बाई रिपोर्ट द्यायच्या. झालं तर झालं, नाही तर नाही. मग बाई विचारायच्या, "आणि तुमचं, साहेब?" सुरुवातीला रोज 'न्हाई' असायचं. बाई 'न्हाई'ला पेढे वाटल्यासारख्या खूश व्हायच्या. मग एक दिवस त्यांनी दात घासले. एक दिवस काकूंसोबत जिन्याखालपर्यंत गेले. मग दोन दिवस पुन्हा काहीच नाही, आणि तेही त्यांनी सांगितलं. चहा जमला तेव्हा कप कॅमेऱ्यात दाखवला, साखर मात्र विसरले होते. मी हे सगळं बाजूला बसून बघत होतो आणि मला आतून पटत चाललं होतं की हा माणूस आता जात नाही. मी पैज लावली असती.

बाईंचे मात्र हाल झाले. सुभेदार हजेरीला कडक. कपडे वेळेवर, भांडी वेळेवर, खाडीवरचा फेरा चुकवायचा नाही. एका सकाळी मी पोचलो तर बाई तणतणत होत्या, "ह्यो मानूस माना झोपू देत नाय! सर्विसमदी कुना सुभेदाराची टाप नव्हती माना असा बोलायची." आणि तेवढ्यात फोन वाजला, तशा त्या गाऊन नीटनेटका करून सावधान उभ्या. त्यांनी भावालाही फोन केला. करावाच लागला, सुभेदार रोज विचारत होते.

सरांना हे काही नीट कळलेलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की आठवड्यात बंद होणारी केस महिन्यांमागून महिने चालली आहे. शेवटी ते म्हणाले, मी स्वतः कॉलवर येतो आणि बघतो. बाई म्हणाल्या, "या की."

त्या दिवशी सर निळ्या शर्टात, कोऱ्या भिंतीसमोर. बाई ओट्याशी, लसूण सोलत. मी शेजारी. सुभेदार आले ते जिन्यातूनच, मागे कुणाची तरी वाळत घातलेली चड्डी, खाली गल्लीतला गोंगाट. सरांनी ओळख करून दिली, हुद्दा विचारला, ट्रस्टच्या कामाबद्दल दोन शब्द सांगितले आणि मग मोठ्या आशेने म्हणाले, "तर सुभेदारसाहेब, आता सगळं ठीक ना?"

पूर्वीचा माणूस असता तर एका दमात 'सब ठीक' आलं असतं.

"न्हाई सर," सुभेदार म्हणाले. "आज सकाळपासनं मन उदास हाय. उठूच वाटत नव्हतं. लई वेळ पडून राहिलो. मग हिला सांगितलं, आज जड जातंय म्हनून. ती म्हनली, चला दोघं भाजी आनू. म्हनून निघालोय."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे अजून... मग केस चालू ठेवायला पाहिजे, नाही का मॅडम?"

मी बाईंकडे बघितलं. लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती, आणि आयुष्यभर मानसिक वॉर्डांत काढलेल्या त्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उत्तर दिलं ते सुभेदारांनी.

"केस बंद करा सर," ते म्हणाले. "आता सांगता येतं."